दहा शिलिंगांचा सिंह

कानगोष्टींचा खेळ खेळलाय का कधी? आमच्या चौथीच्या वर्गात शनिवारी शेवटच्या तासाला तो हमखास चालतो. पहिल्या बाकावरच्या मुलाच्या कानात मी एक वाक्य सांगायचं, त्यानं ते शेजारच्याच्या कानात सांगायचं, शेजारच्यानं मागच्याच्या. मोठ्यानं बोलायचं नाही आणि पुन्हा विचारायचं नाही. परवा मी सांगितलं, ‘मामाच्या मळ्यात मोर नाचला.’ खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर पोचेपर्यंत त्याचं झालं, ‘मामीच्या गळ्यात चोर सापडला!’ मग काय, घंटा होईपर्यंत नुसता हशा.

आजच्या गाण्याची गोष्ट म्हणजे अशीच एक कानगोष्ट आहे. फक्त ती दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गपासून अमेरिकेतल्या न्यूयॉर्कपर्यंत खेळली गेली. आणि तिच्यात नुसता एक शब्द बदलला असं नाही, तर एका माणसाचं नावच हरवलं.

गाणं तुमच्या ओळखीचं आहे. ‘द लायन किंग’ हा सिनेमा पाहिलाय ना? १९९४ सालचा, कार्टूनचा. त्यात तिमॉन आणि पुंबा ही जोडी एक गाणं म्हणत झाडीतून चाललेली असते. तिमॉन गातोय आपल्या नादात, आणि पुंबाचं लक्ष मात्र एका किड्याकडे. तेच ते गाणं! माझ्या वर्गातला एक मुलगा गणितं सोडवताना ते सतत गुणगुणत असतो. ‘विमोवे’सारखं काहीतरी, पुन्हा पुन्हा. एकदा मी विचारलं, ‘अरे, याचा अर्थ काय?’ तो म्हणाला, ‘अर्थ नाही बाई, नुसतंच आहे.’ मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. पण अर्थ आहे, चांगला आहे. तो सापडायला मात्र आपल्याला बरंच मागं जायला लागेल.

दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात १९०९ साली एक झुलू मुलगा जन्मला. सॉलोमन लिंडा त्याचं नाव. लहानपणी इतर मुलांसारखाच तो गुरं राखायचा. मिशनच्या शाळेत प्रार्थनागीतं कानावर पडली, घरीदारी झुलू गाणी होतीच. मोठा झाल्यावर कामाच्या शोधात तो जोहान्सबर्गला आला. सोन्याच्या खाणींचं ते शहर, गावोगावची माणसं तिथं पोटासाठी येऊन राहिलेली. दिवसभर राबायचं आणि सुटीच्या दिवशी चांगले कपडे घालून गाण्याच्या चढाओढींना जायचं, असं त्यांचं आयुष्य. आपल्याकडे नाही का, गिरणगावातली माणसं दिवसभर गिरणीत खपायची आणि रात्री भजनाला बसायची? तसंच थोडंफार.

सॉलोमननं आपल्याच भागातली मुलं जमवून एक गट केला. ‘ईव्हनिंग बर्ड्‌स’, म्हणजे संध्याकाळचे पक्षी. पट्ट्यापट्ट्यांचे सूट, डोक्यावर गोल हॅट, दोन रंगी बूट, असा त्यांचा थाट असायचा. खालच्या पट्टीत गाणारे जाड आवाजाचे गडी एकाहून जास्त आणि त्यांच्यावर एकट्या सॉलोमनचा उंच, बारीक आवाज. उंच शिडशिडीत माणूस होता तो, पण आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं बाईच गातेय.

पुढे त्याला ‘गॅलो’ नावाच्या रेकॉर्ड कंपनीत नोकरी लागली. गायकाची नव्हे हं! तबकड्या बांधायची. (तबकडी म्हणजे काय ते आजोबांना विचारा. काळी, गोल, ताटलीएवढी असायची.) तिथं त्याचं गाणं कुणाच्या तरी कानी आलं आणि १९३९ साली ईव्हनिंग बर्ड्‌सना कंपनीच्याच स्टुडिओत बोलावलं.

त्या दिवशी त्यांनी एक गाणं गायलं. नाव ‘म्बुबे’. झुलू भाषेत म्बुबे म्हणजे सिंह. शब्द अगदी थोडे. खालचे आवाज एकच बोल लयीत म्हणत राहतात, ‘उयिम्बुबे’, म्हणजे ‘तू सिंह आहेस’. लहानपणी गुरं राखताना सिंहाला हुसकायची वेळ यायची, त्या आठवणीतून हे गाणं आलं असं सांगतात. त्या पार्श्वभूमीवर सॉलोमनचा आवाज वर चढतो, वळतो, किंचाळतो, पुन्हा खाली येतो.

गाणं तीनदा ध्वनिमुद्रित केलं. पहिल्यांदा काही जमलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा, गाणं संपायला थोडेच सेकंद उरले असताना, सॉलोमनच्या मनात काय आलं कोण जाणे! आधी न ठरवलेली एक छोटीशी चाल त्यानं तिथल्या तिथं गायली. काही सुरांची. गाणं संपलं. मंडळी घरी गेली.

मुलांनो, तीच ती चाल. तिमॉन गातो ती. जगभर लोक गुणगुणतात ती. म्हणजे जे गाणं पुढं जगभर पोचलं, त्याची मुख्य चाल मूळ रेकॉर्डमध्ये फक्त शेवटी, एकदाच येते. उत्तरपत्रिका परत घेताना कुणीतरी घाईघाईनं शेवटची ओळ लिहावी आणि पूर्ण मार्क तिलाच मिळावेत, तसं झालं!

आफ्रिकेत ‘म्बुबे’ धडाक्यानं खपलं. १९४८ सालापर्यंत सुमारे १ लाख तबकड्या गेल्या. सॉलोमन लिंडा मोठा माणूस झाला. त्याच्यासारखं गाणारे इतके गट निघाले की त्या गाण्याच्या प्रकारालाच ‘म्बुबे’ म्हणायला लागले. पुढे त्यातूनच आणखी मऊ, हलक्या पावलांनी नाचत गायचा प्रकार आला. ‘लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो’ हा प्रसिद्ध गट याच परंपरेतला.

आणि पैसे? सॉलोमनला या गाण्याच्या हक्कांबद्दल मिळाले १० शिलिंग. २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे अर्धा पौंड फक्त. त्यानं कागदावर सही केली आणि गाणं कंपनीचं झालं. त्या काळी तिथल्या काळ्या माणसाला ना मतदानाचा धड हक्क, ना शहरात हवं तिथं राहायची मोकळीक. कोर्टकचेरी तर दूरच. मोठ्या कंपनीनं पुढं केलेल्या कागदावर सही करण्यावाचून तो दुसरं काय करणार होता?

आता कानगोष्टीतला पुढचा कान.

१९४०च्या दशकाच्या शेवटी आफ्रिकेतल्या तबकड्यांचा एक गठ्ठा अमेरिकेत पोचला. लोकगीतं गोळा करणारे ॲलन लोमॅक्स यांच्या हाती तो लागला. त्यांनी तो आपल्या गायक मित्राला, पीट सीगरला दिला. सीगर बँजो वाजवायचा, कामगारांच्या सभांमधून गायचा. त्यानं ‘म्बुबे’ ऐकलं आणि वेडाच झाला. तबकडी पुन्हा पुन्हा लावून, कान लावून एकेक आवाज कागदावर उतरवला. पण झुलू कुठं येत होती त्याला? ‘उयिम्बुबे’ त्याला ऐकू आलं ‘विमोवे’! तेच त्यानं लिहिलं आणि तेच गायलं. मामाच्या मळ्यातला मोर तो हा असा उडाला.

सीगरच्या ‘वीव्हर्स’ या गटानं ‘विमोवे’ रेकॉर्ड केलं आणि १९५२च्या सुरुवातीला ते अमेरिकेत गाजलं. दुसऱ्याचं गाणं आपण आपल्या ढंगात पुन्हा गाऊन रेकॉर्ड करायचं, याला ‘कव्हर’ म्हणतात. यात वाईट काहीच नाही. एकच अभंग किती जणांनी किती तऱ्हांनी गायलेला आपण ऐकतो! प्रश्न येतो तो गाणं कुणाचं म्हणून लिहायचं तिथं. वीव्हर्सच्या तबकडीवर गाणं बसवणारा म्हणून नाव होतं, पॉल कॅम्पबेल.

कोण हा पॉल कॅम्पबेल? कुणीच नाही! असा माणूसच नव्हता. जुन्या, कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या लोकगीतांवर वीव्हर्सची मंडळी हे टोपणनाव घालायची. आफ्रिकेतून आलंय म्हणजे लोकगीतच असणार, शेकडो वर्षांपूर्वीचं, असा समज. पण ज्यानं ते रचलं तो माणूस तेव्हा चाळिशीत होता आणि जोहान्सबर्गमध्ये तबकड्या बांधत होता.

पीट सीगर तसा सरळ माणूस. खरा प्रकार कळल्यावर त्यानं सॉलोमनला १००० डॉलरचा चेक पाठवला आणि रचनाकाराचा वाटा त्याला मिळत जावा असं आपल्या प्रकाशकांना सांगितलं. प्रत्यक्षात तो कितीसा पोचला, ते पुढं येईलच. सांगून सोडून दिलं, मागं लागून पाहिलं नाही, ही त्याची चूकच. म्हातारपणी त्यानं तसं कबूलही केलं.

इथं मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. न सांगता पुढं गेले तर बरं दिसणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी एक पावसाचं गाणं लिहिलं होतं. दोन कडवी झाली, पण धुवपदाची चाल काही केल्या बसेना. एका दुपारी वर्ग झाडता झाडता एक मुलगी स्वतःशीच ते शब्द गात होती. तिची चाल अशी गोड होती की मी तीच घेतली. कार्यक्रम झकास झाला, टाळ्या पडल्या. छापील पत्रिकेवर ओळ होती, ‘गीत आणि चाल’ आणि पुढे माझं नाव. दुसऱ्या दिवशी फाटकाजवळ तिची आई भेटली. हळूच म्हणाली, ‘बाई, ती चाल आमच्या पोरीची होती ना?’ मी पटकन म्हणून गेले, ‘अहो, ते सगळ्या वर्गाचंच गाणं आहे हो!’ आई हसली आणि गेली. तेव्हा मला काहीच वाटलं नाही. सॉलोमनची हकिगत वाचताना ‘लोकगीत असणार’ हे शब्द आले आणि मला ते फाटक आठवलं.

असो. सिंहाकडे वळू.

मूळ गाणं त्याच्या खऱ्या नावानिशी जिवंत ठेवणारेही होते. दक्षिण आफ्रिकेची थोर गायिका मिरियम मकेबा हिनं १९६० साली ते ‘म्बुबे’ म्हणूनच गायलं. पण खरा स्फोट झाला १९६१ साली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या तरुण पोरांचा ‘द टोकन्स’ नावाचा गट होता. त्यांना ‘विमोवे’ फार आवडायचं. पण नुसत्या ‘विमोवे’वर रेकॉर्ड कशी काढायची? मग जॉर्ज वाइस या गीतकारानं इंग्रजी शब्द लिहिले. आणि त्यानं एक हुशारी केली. सॉलोमननं शेवटच्या काही सेकंदांत गायलेली ती चाल उचलून गाण्याच्या मधोमध आणली आणि तिच्यावर शब्द बसवले. मागं एका ऑपेरा गायिकेचा टिपेचा आवाज घातला. नाव ठेवलं ‘द लायन स्लीप्स टुनाइट’, म्हणजे आज रात्री सिंह झोपलाय.

आता बघा गंमत. सॉलोमनच्या गाण्यात सिंह झोपलेला नाहीच! झुलू राजा शाका हा न मेलेला, नुसता झोपलेला सिंह आहे, अशी एक दंतकथा पीट सीगर सांगायचा. त्यातून अमेरिकेत सिंह झोपला. तोही कुठं, तर घनदाट जंगलात. आफ्रिकेतला सिंह मोकळ्या गवताळ माळावर राहणारा. (आपला गीरचा सिंह जंगलात राहतो, पण त्याला कोण विचारतंय!) १९६२ साली हे गाणं फ्रान्समध्ये गेलं. आँरी साल्वादोर यांनी ते फ्रेंचमध्ये गायलं आणि नाव काय? ‘आज रात्री सिंह मेला’! जोहान्सबर्गमध्ये जागा, न्यूयॉर्कमध्ये झोपलेला आणि पॅरिसला पोचेपर्यंत बिचारा खलास.

टोकन्सची तबकडी आली तेव्हा हे गाणं तिच्या मागच्या बाजूला होतं. पुढच्या बाजूला दुसरंच. पण लोकांनी मागची बाजू डोक्यावर घेतली. डिसेंबर १९६१मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि तीन आठवडे तिथंच राहिलं. तबकडीवर वाइस आणि त्याच्या दोन साथीदारांची नावं होती. सॉलोमन लिंडाचं नव्हतं. इंग्रजी शब्द वाइसचे, तेवढा त्याचा वाटा खराच. पण चाल?

या यशानंतर दहा महिन्यांच्या आत, १९६२ साली सॉलोमन लिंडा मूत्रपिंडाच्या आजारानं वारला. बँकेत २५ डॉलरही नव्हते. घरच्यांना त्याच्या थडग्यावर दगड बसवायला जमलं ते १८ वर्षांनी.

गाणं मात्र चाललं होतं पुढं. १९६२मध्ये इंग्लंडात कार्ल डेन्व्हरचं ‘विमोवे’ चौथ्या क्रमांकावर. १९७२मध्ये अमेरिकेत रॉबर्ट जॉननं गायलेलं तिसऱ्या क्रमांकावर. १९८२मध्ये ‘टाइट फिट’ या गटाचं इंग्लंडमध्ये पहिलं. सगळे मिळून दीडशेच्या आसपास कलाकारांनी ते गायलंय म्हणतात. आणि मग १९९४ साली तिमॉन आणि पुंबा. सिनेमा जगभर पोचला, त्यावरून नाटक निघालं, कॅसेटी, सीडी. त्याच वेळी सोवेटो या जोहान्सबर्गजवळच्या वस्तीत सॉलोमनच्या मुली गरिबीत दिवस काढत होत्या. वडिलांचं गाणं त्यांना रेडिओवर ऐकू यायचं. मधून मधून थोडेफार पैसे यायचे, पण या गाण्यानं कमावलेल्या पैशांपुढं ते काहीच नव्हते.

२००० साली रिआन मलान या दक्षिण आफ्रिकेच्या पत्रकारानं ‘रोलिंग स्टोन’ मासिकात या गाण्याचा सगळा माग काढून एक लांबलचक लेख लिहिला. कुणाला किती मिळालं, कुणाला नाही, सगळं. त्याच्या हिशेबानं एकट्या लायन किंगपायी या गाण्याचे १.५ कोटी डॉलर व्हायला हवे होते. लोक चिडले. पण कायद्यात बसणार कसं? सॉलोमननं सही केलेली होती. पुढे त्याच्या बायकोनं आणि मुलींनीही आणखी कागदांवर सह्या करून ठेवल्या होत्या.

तेव्हा ओवेन डीन नावाच्या वकिलानं एक जुना कायदा शोधून काढला. १९११ सालचा, ब्रिटिश साम्राज्याचा. (तो तेव्हा आपल्याकडेही लागू होता बरं का.) त्यात म्हटलं होतं की लेखकानं जिवंतपणी आपले हक्क विकले असले तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते त्याच्या वारसांकडे परत येतात. चार्ल्स डिकन्स या मोठ्या लेखकाचं नाव त्या कलमाला चिकटलंय. लेखकाच्या पोराबाळांवर भीक मागायची वेळ येऊ नये, हा त्यामागचा विचार. सॉलोमन गेला १९६२ला. त्यात २५ मिळवा. माझ्या वर्गानं एका दमात सांगितलं, १९८७! म्हणजे लायन किंग आला त्याच्या आधीच गाणं मुलींचं झालेलं होतं.

२००४मध्ये कुटुंबानं डिस्ने कंपनीवर दावा लावला. परदेशी कंपनीला इथल्या कोर्टात खेचायचं तर तिची इथली काहीतरी मालमत्ता हवी. मग कोर्टानं काय केलं असेल? दक्षिण आफ्रिकेत नोंदलेली डिस्नेची २४०हून जास्त नावं आणि चिन्हं अडकवून ठेवली. त्यात मिकी माऊस होता, डोनाल्ड डकही होता! वर्गात हे सांगितलं तेव्हा पोरांनी टाळ्याच वाजवल्या. एकीनं विचारलं, ‘मिकीला तुरुंगात घातलं का?’ तसं नव्हे, पण जप्तीच म्हणायची.

फेब्रुवारी २००६मध्ये गाण्याच्या प्रकाशकांशी तडजोड झाली. मुलींना मागचे पैसे आणि पुढच्या कमाईत वाटा मिळायचं ठरलं. आणि सॉलोमन लिंडा हा या गाण्याचा सहरचनाकार आहे, हे मान्य झालं. एक मुलगी मात्र २००१मध्येच वारली होती. तिला यातलं काही पाहायला मिळालं नाही. तडजोड काही सोन्याची खाण नव्हती. पैसे किती आणि किती वर्षं, यावरून नंतरही कुरबुरी झाल्या. पण २०१९मध्ये लायन किंग नव्यानं आला, त्यातही हे गाणं आहे.

आईबाबांनो, तुमच्यासाठी एक ओळ. आपल्या देशातही सिनेमाच्या गाण्यांचे गीतकार आणि संगीतकार एकदा पैसे घेऊन मोकळे व्हायचे. २०१२मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती झाली. आता मानधनातला त्यांचा वाटा कुणी आगाऊ सही करून काढून घेऊ शकत नाही. तो वारसांना देता येतो, निर्मात्याला नाही.

शाळेच्या कपाटात संमेलनाच्या पत्रिकांची फाईल आहे. त्यातली ती पत्रिका मी काढली. ‘चाल’ हा शब्द खोडून पुढं पेननं त्या मुलीचं नाव लिहिलं आणि मुख्याध्यापकांची सही घेतली. ती मुलगी आता हायस्कूलला आहे. एक प्रत तिच्या घरी नेऊन दिली. आईनं चहा केला. मुलगी म्हणाली, ‘बाई, मला ती चाल आता आठवतही नाही.’ मग मीच म्हणून दाखवली.

गेल्या शनिवारी कानगोष्टींच्या ऐवजी वर्गात १९३९ सालचं ‘म्बुबे’ लावलं. छोटा स्पीकर आणला होता. आवाज खरखरीत, जुना. पहिलं मिनिटभर मुलं एकमेकांकडे बघत होती, हे काय ते गाणं नाही! मी म्हटलं, थांबा, गप्प बसा, शेवटाकडे लक्ष ठेवा. खालचे आवाज चालूच होते, वर सॉलोमन. दोन मिनिटं उलटून गेली. आणि अगदी संपता संपता ती चाल आली. गणिताच्या तासाला गुणगुणणारा आमचा पठ्ठ्या ताडकन उठून उभा राहिला आणि ओरडला, ‘बाई, आली!’

तेवढ्यात गाणं संपलं. मग पुन्हा लावायला लागलं. चारदा.